जेवणाची सुट्टी मी पाऊण तास पुढे ढकलली, आणि मामा लॉकर रूममध्ये थरथरत सापडले

प्रेसशॉपवाला, भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथे) मी सुपरवायझर आहे. होऊन आठच महिने झाले. त्याआधी अकरा वर्षं इथेच, हेल्पर, मग ऑपरेटर, मग सेटर (मशीनवर डाय, म्हणजे साचा, बसवणारा). माझ्या पाळीत चौदा जण आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या डब्यातलं मी खाल्लंय आणि त्यांनी माझ्या. लांबचं लिहितोय, पण पूर्ण वाचा. चार दिवस झाले, झोप लागत नाही.

आमच्यात एक मामा आहेत. वय पन्नाशीचं, ठेकेदाराकडून नऊ वर्षं कामाला. ६३ टनी प्रेसवर ब्रॅकेट काढतात. डायमध्ये बोट न घालता चिमट्याने जॉब (पत्र्याचा तुकडा) कसा ठेवायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. तासाला किती नग निघाले ते लिहायच्या बोर्डावर त्यांचा आकडा ३४० च्या खाली आलेला मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीनंतर सेकंड शिफ्टला एक गोष्ट दिसायला लागली. रोज सातच्या ठोक्याला मामा मशीन बंद करून दहा-बारा मिनिटं गायब. जाताना डब्याची पिशवी सोबत, येताना ती काखेत. बोर्डावर त्या तासाला २८०, कधी २७०. मला वाटलं तंबाखू असेल, नाहीतर मोबाईल. विचारलं नाही. आठ महिन्यांपूर्वीचा मी असतो तर शेजारी जाऊन विचारलं असतं, "मामा, काय चाललंय?" आता माझ्या डोक्यात तो २७० चा आकडा बसला होता.

गेल्या शुक्रवारी गाडी दारात उभी होती, डिस्पॅचवाले दर पाच मिनिटांनी फोन करत होते. साडेसातची जेवणाची सुट्टी मी सव्वाआठला ढकलली. सगळ्यांना तसं सांगत असतानाच मामा पिशवी घेऊन परत आले. आणि मी सगळ्यांसमोर त्यांना बोललो. जसंच्या तसं लिहितो: "मामा, गाडी उभी आहे आणि तुम्ही फिरताय? जमत नसेल तर सांगा, ठेकेदाराकडून दुसरा माणूस मागवतो." शेजारच्या मशीनवरची पोरं खाली बघायला लागली. मामा काही बोलले नाहीत. चिमटा उचलला, दोन्ही बटणं दाबली.

आठच्या आधी त्यांचं मशीन पुन्हा बंद दिसलं. मी तावातावाने लॉकर रूमकडे गेलो. ते बाकावर बसलेले, शर्ट घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. हातात बिस्किटाचा पुडा. हात इतके थरथरत होते की पुडा फाडता येईना, म्हणून दातांनी ओढत होते. मी फाडून दिला. पिशवी उघडी होती, आत इंजेक्शनचं पेन.

दोन वर्षांपासून इन्शुलिनवर आहेत. रोज सातला संडासात जाऊन टोचून घेतात, साडेसातला जेवतात. त्या दिवशी सातला टोचून घेतलं आणि जेवण मी सव्वाआठला नेलं.

पंधरा-वीस मिनिटांनी ते बोलते झाले. पहिलं वाक्य होतं, "साहेब, कुणाला सांगू नका." नऊ वर्षं मला अरे-तुरे करणारा माणूस मला साहेब म्हणाला.

त्यांची भीती खरी आहे. ठेकेदाराच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही, उद्यापासून येऊ नको म्हणतात, बस. घरी एक मुलगी शिकतेय, दुसरीचं लग्न व्हायचंय. दुसऱ्या बाजूला, त्या अवस्थेत ते निदान दहा मिनिटं ६३ टनी प्रेस चालवत होते. दोन्ही हातांची बटणं आहेत म्हणून मशीनचा ठोका खाली येताना हात आत राहत नाही, पण जॉब अडकला की हात आत जातोच. आणि लोड वाढला की त्यांना मीच पायपेडलच्या जुन्या मशीनवर पाठवतो, तिथे तर दोन्ही हात मोकळे.

मी शब्द पाळू की वर सांगू? सांगायचं तर कसं, म्हणजे त्यांची भाकरी जाणार नाही? आणि जे बोललो ते परत कसं घेऊ? गप्प बसून बाजूला माफी मागितली तर पुरेल का?

---

निवृत्त फोरमन, पिंपरी

तुझ्या वयाचा माझा मुलगा आहे, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाजूला घेऊन माफी मागून भागणार नाही. ज्या जागी बोललास त्याच जागी, जे ऐकत होते त्यांच्यासमोर माग. त्यात त्यांच्या आजाराचा एक शब्द यायची गरज नाही. "शुक्रवारी सुट्टी मी ढकलली, ते चुकलं. मामांना बोललो ते त्याहून चुकलं." एवढंच. कारण सांगत बसू नकोस, गाडी उभी होती वगैरे. गाडी रोजच उभी असते.

आता माझं सांगतो. तीस वर्षं होत आली. माझ्याकडे एक सेटर होता, तरुण, हुशार. एकदा सकाळी लाल डोळ्यांनी आला. मी मनात म्हटलं, रात्री घेतलेली दिसते. लक्षात घेतलं, पण बोललो नाही. म्हटलं साहेबाने बघितलं तर बघून घेईल. अकरा वाजता डाय बदलताना त्याची दोन बोटं गेली, उजव्या हाताची. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा कळलं, बायको बाळंतपणात अडली होती आणि हा दोन रात्री तिच्या उशाशी बसून होता. रजा मागितली नाही, कारण आदल्या महिन्यात मी दुसऱ्याची रजा नाकारताना ह्याने ऐकलं होतं. म्हणजे ह्याची रजा मी आधीच नाकारून ठेवली होती, न मागता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एक सवय ठेवली. पाळी लागली की पहिली वीस मिनिटं केबिनमध्ये जायचं नाही. प्रत्येक मशीनपाशी जायचं. बोलायचं काहीही, पाऊस पडला का, पोराचा निकाल लागला का. पण बघायचं डोळ्यांकडे आणि हातांकडे. ज्याचा हात रोजच्यासारखा चालत नाही त्याला त्या दिवशी प्रेसवर उभं करायचं नाही, गेजिंगला, म्हणजे तयार जॉब मोजून तपासायला, बसवायचं. आणि ते शिक्षा वाटू नये म्हणून अधूनमधून चांगल्या ऑपरेटरलाही गेजिंगला बसवायचं. हे शेवटचं मला फार उशिरा सुचलं.

तुझ्या बोर्डावर २७० लिहिलं होतं आणि रोज सातलाच लिहिलं जात होतं. तंबाखूवाला माणूस घड्याळ लावून जात नाही रे. आकडा तुला सांगत होता, तू त्याला विचारलं नाहीस.

---

सिस्टर, कारखान्यातला दवाखाना

मी एका मोठ्या कारखान्याच्या फर्स्ट एड रूममध्ये बारा वर्षं आहे. फोरमन काकांचं सगळं पटलं, पण माझं काम वेगळं आहे, म्हणून आधी शरीराचं सांगते.

तुम्ही पाहिलंत ते रक्तातली साखर उतरण्याचं लक्षण. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, मग बोलणं अडखळतं, माणूस चिडतो किंवा गोंधळतो. त्यातून पुढे बेशुद्ध होऊ शकतो. बिस्किटाने साखर सावकाश चढते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. वर आली की पोळी-भाजी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे तुमच्या चौदाही जणांना शिकवा. मामांचं नाव न घेता शिकवता येतं, आजकाल दहा माणसांत एखाददुसरा साखरेचा असतोच.

साखर वर आली म्हणजे लगेच प्रेसवर परत, असंही नाही. अशा पेशंटला गाडी चालवायलासुद्धा साखर ठीक झाल्यावर पाऊण तास थांबायला सांगतात. डोकं जागेवर यायला वेळ लागतो. तुम्ही त्या रात्री त्यांना परत मशीनवर पाठवलं का, ते लिहिलं नाहीत. पाठवलं असेल तर पुन्हा करू नका.

पेनचं एक सांगायचं राहिलं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण थंड खोलीत. प्रेस शॉपच्या लोखंडी लॉकरमध्ये एप्रिल-मे महिन्यात ते खराब होणार. मग साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि नव्या पेनवर तोच वाढलेला डोस साखर पाडतो. हे मी दोनदा पाहिलंय. दवाखान्यात किंवा कँटीनच्या फ्रीजमध्ये एक डबा ठेवा, त्यावर नुसता टोकन नंबर.

आणि डॉक्टरांना विचारायला सांगा: जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या इन्शुलिनऐवजी ताट समोर आल्यावर घ्यायचं चालेल का? तशी इन्शुलिन मिळतात. पाळीत काम करणाऱ्याला त्याने फार फरक पडतो. पण हे डॉक्टरांनीच ठरवायचं, तुम्ही-आम्ही नाही.

शब्द पाळण्याबद्दल: डॉक्टरांनी तपासून लिहून देईपर्यंत प्रेसवर उभं करू नका. याबाबत मी कुणाशी वाद घालत नाही. पण "साखरेचा आहे" ही बातमी शॉपमध्ये, ठेकेदाराच्या पोराकडे, डिस्पॅचमध्ये पसरवायचा कुणालाच हक्क नाही. कंपनीच्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. तुम्हाला एवढंच कळलं पाहिजे की कोणतं काम चालेल आणि जेवण किती वाजता.

---

लाईन लीडर, अंबड (नाशिक)

माझ्याकडे वायरिंग हार्नेसची (वायरींचे जुडगे बांधायची) लाईन, ३२ बायका. मोठ्या प्रेस नाहीत, पण बाकी सगळं हेच आहे.

सिस्टरताईंचं प्रेसचं म्हणणं मान्य. तरी एक भीती सांगते. "तुमच्या काळजीपोटी" म्हणून माणसाला हलक्या कामावर टाकतात आणि महिन्याच्या शेवटी त्याचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह जातो. माझ्याकडे पोटुशी असलेल्या एका मुलीला असंच बसून करायच्या कामावर दिलं होतं. मी मोठं चांगलं काम केल्यासारखी खूश होते. पगाराच्या दिवशी ती माझ्यासमोर स्लिप घेऊन उभी राहिली, ११०० रुपये कमी. म्हणाली, "ताई, उभं राहणं जमत होतं मला." मी तिला विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कुणाचंही काम बदलायचं तर त्याला आधी विचारते, आणि पैशाचं बोलून ठेवल्याशिवाय बदलत नाही. तुम्हीही मामांना घेऊनच एचआरकडे जा. त्यांच्या मागे जाऊ नका. त्यांनी "साहेब, नको" म्हटलं तर दोन दिवस थांबा, पुन्हा बोला, पण ते दोन दिवसही प्रेस नको.

दुसरं, सुट्टी. सलग पाच तासांच्या वर काम नाही आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं. तुमची सेकंड शिफ्ट तीनला लागत असेल तर त्या हिशोबाने आठच्या आत सुट्टी व्हायला हवी होती. सव्वाआठ ही फक्त मामांची अडचण नव्हती, बाकी तेराही जणांची होती. माझ्या लाईनवर नियम आहे: गाडी दारात असो की साहेब, जेवण हलत नाही. गाडी उभी असेल तर मी आणि क्वालिटीची मुलगी पॅकिंगला बसतो, बायका जेवून येतात. पहिल्या महिन्यात मॅनेजर ओरडले. आता विचारतही नाहीत.

तिसरं म्हणजे रिलीव्हर. ३२ जणींमागे दोन रिलीव्हर मागून घेतल्या. सगळी स्टेशनं येणाऱ्या. बाथरूमला जायचं असेल तर हात वर, रिलीव्हर येते, कुणी कारण विचारत नाही. आधी बायका पाणीच प्यायच्या नाहीत, जावं लागू नये म्हणून. लघवीच्या जळजळीने महिन्याला तीन-चार जणी रजेवर. ते सांगायलाही लाजायच्या. मला कळलं कसं, तर पाण्याचे कूलर दुपारपर्यंत भरलेलेच दिसायचे. तुमच्या १४ जणांत एक सेटर तरी मोकळा असेलच. मामांची ती दहा मिनिटं त्याला द्या, म्हणजे बोर्डही पडणार नाही आणि संडासात टोचून घ्यायची वेळही येणार नाही.

---

नाव नको

मी ऑपरेटर आहे, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). सात वर्षं साखर लपवली. का लपवतो ते सांगतो. "अनफिट" हा शब्द. तो एकदा फाईलला लागला की दुसऱ्या कंपनीतही मागे येईल असं वाटतं. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड खिशात असून मी औषधं बाहेरच्या मेडिकलमधून विकत घ्यायचो. वाटायचं, तिथे कागद झाला की ठेकेदाराला कळणार. महिन्याला दीड-दोन हजार जायचे. पगार २१,००० च्या आत, त्यातून या विम्याचे ०.७५ टक्के कापून घेत होते ते वेगळेच.

मामांना विचारा, औषध कुठून घेतात. माझी खात्री आहे, बाहेरूनच घेत असतील. ईएसआयसीतून फुकट मिळतं, आणि डोस बसवायला काही दिवस घरी राहावं लागलं तर हप्ते भरलेले असल्यास ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. हे मला सुपरवायझरने नाही, पानटपरीवर एकाने सांगितलं.

तुम्ही पुडा फाडून दिलात ना, त्यावरून मामा तुमच्याशी बोलतील. घाई करू नका. उभ्या-उभ्या विचारू नका, बसून विचारा.

---

प्रेसशॉपवाला, भोसरी

दोन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, एकेक ओळ तीन-तीनदा वाचली.

सिस्टर, त्या रात्री मी त्यांना मशीनवर पाठवलं नव्हतं, पण ते शहाणपणाने नव्हे. मीच इतका घाबरलो होतो की मला काही सुचलंच नाही, दोघं तिथेच बसून राहिलो.

सोमवारी पाळी लागताना सगळ्यांना ६३ टनीपाशी गोळा केलं आणि फोरमन काकांनी दिलेली दोन वाक्यं बोललो. तिसरं बोलायला तोंड उघडलं होतं, गाडीचंच, ते गिळलं. कुणी काही बोललं नाही. एक पोरगा मशीन पुसायला लागला. मामा जागेवर उभे होते, त्यांनी हातमोजे काढून पुन्हा घातले.

मग त्यांना चहाला बाहेर नेलं. बसून बोललो. "नाव नको" दादा, तुमचं अगदी बरोबर निघालं. दोन वर्षं बाहेरच्या मेडिकलमधून पेन घेत होते, कधी पैसे नसले की डोस अर्धा करून पुरवायचे. अर्धा डोस. मला ऐकवेना. बुधवारी दोघं मोहननगरला ईएसआयसीच्या हॉस्पिटलात गेलो. मी रजा टाकली होती, त्यांचं ठेकेदाराकडे "घरगुती काम" सांगितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट काढायला सांगितलेत, डोस बदललाय, आणि सध्या थर्ड शिफ्ट नको असं लिहून दिलंय.

एचआरकडे दोघं मिळून गेलो. पहिल्या दिवशी मामा दारातून परत फिरले. दोन दिवस थांबलो, अंबडच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्यांदा आत आले. आमच्या एचआरच्या मॅडमनी कागद डॉक्टरांकडे ठेवले, ठेकेदाराला फक्त "कंपनीने गेजिंगला घेतलंय, रोजंदारी तीच" असं कळवलं. रोजंदारी तीच राहिली, पण इन्सेंटिव्हचं अजून अडलंय. मॅनेजर म्हणाले, प्रेसवर नाही तर प्रेसचा इन्सेंटिव्ह कसा देणार. मी त्यांना गेल्या वर्षभराचं रिजेक्शन काढून दाखवलं. गेजिंगला मामा बसल्यापासून बर (कडेला राहिलेला धारदार पत्रा) असलेला एकही जॉब पुढे गेलेला नाही, कारण बर कुठे येतो हे त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळतं. बघतो म्हणालेत. मी सोडणार नाही.

जेवणाची सुट्टी आता साडेसात म्हणजे साडेसात. परवा गाडी उभी होतीच. मी, सेटर आणि डिस्पॅचचा माणूस पॅकिंगला बसलो. डिस्पॅचवाला कुरकुरला, पण बसला.

तासाच्या बोर्डावर शेवटी एक रकाना वाढवलाय, "का". आकडा पडला तर ऑपरेटरने नाही, मी जाऊन विचारून लिहायचं. तिसऱ्याच दिवशी त्यात एकाचं निघालं, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि वर्षभर बदललेला नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा, शेजारच्या मशीनवरचा. मला कधी कळलंच नसतं.

एक अडचण अजून आहे. पुढच्या सोमवारपासून आमची थर्ड शिफ्ट. मामांना फर्स्टला टाकायचं तर तिकडचा एक माणूस माझ्याकडे यायला हवा, आणि थर्डला खुशीने कोण येणार? विचारलं, तर फर्स्टमधला एक जुना हेल्पर तयार झाला. मी कारण सांगायच्या आधीच म्हणाला, "मामांसाठी ना? येतो." त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. सिस्टर, हे ऐकून जीव खाली-वर होतोय. शॉपमध्ये सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असेल तर आता मी काय करायचं, मामांना ते सांगायचं की नाही?

मामा मला अजून साहेबच म्हणतात.

---

सिस्टर, कारखान्यातला दवाखाना

सांगू नका. मामांना ठाऊक असणार. तुम्हाला सोडून बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं, शॉपमध्ये असंच असतं, आणि कुणी तोंडातून काढत नाही. त्या हेल्परला फक्त एकदा विचारा, थर्डला त्याच्या स्वतःच्या घरी काही अडणार नाही ना.

फ्रीजचा डबा ठेवला का?